चार चित्रांचा फोन

९ सप्टेंबर, सोमवार. वारा नैर्ऋत्येचा, बेताचा.

डोना गेली! मी दारात उभी राहून हात हलवत होते आणि आत भट्टीत पाव करपत होता. एकुलती एक लेक, गुणाची आहे, मान्य. पण सेंट जॉन्स शहरातून सात तास गाडी हाकत यायचं आणि पाऊल टाकताच म्हणायचं काय, तर "आई, या पायऱ्यांना अजून कठडा नाही?" बाई, आधी चहा तरी घे!

ती आली होती मला फोन द्यायला. त्याचं असं झालं – भिंतीवरचा माझा फोन जुलैत वीज पडून मेला. आणि ऑगस्टात मी मागच्या पायरीवरून घसरले. मोडलं काहीच नाही. तासभर उताणी पडून ढग बघत होते, मग हेडली चहाला आला आणि त्याने उठवून बसवलं. तास तसा काही वाईट गेला नाही. पण हेडलीच्या पोटात काही राहील तर शपथ! लगेच डोनाला कळवलं. हेडली म्हणजे माझा दीर, शेजारच्या हिरव्या घरात असतो. शाळेत आम्ही एकाच बाकावर होतो. तो पुढे शिकला, मी तिसरीतून उठले ती मासे वाळत घालायला. लिहिते मी माझं माझं, जमेल तसं. दुसऱ्याचं लिहिलेलं मात्र डोळ्यांत लवकर शिरत नाही, आणि बारीक असलं तर मुळीच नाही.

तर फोन. पांढरा, साबणाच्या वडीएवढा. वर चार चित्रं – डोना, हेडली, दवाखान्यातली नर्स, आणि एक लाल फुली, मरायला टेकले तर दाबायची. बस्स. "आई, यात चुकायला जागाच नाही," डोना म्हणते. "बोट लावायचं, बोलायचं. बाकीचं सगळं मी बंद करून टाकलंय. काही बदलायचं झालं तर मी तिकडून बदलीन."

आणि मग अट. "रोज सकाळी आठला मी फोन करणार. थँक्सगिव्हिंगपर्यंत, म्हणजे चौदा ऑक्टोबरपर्यंत, रोज उचललास तर राहा इथं. नाही जमलं तर माझ्याकडे यायचं. तळघरातली खोली तयार आहे, पिवळा रंग दिलाय."

पिवळा! मला विचारलं असतं तर.

मी म्हटलं ठीक. बावन्न वर्षं या घरात आहे. माझ्या नवऱ्याने, क्लारने, स्वतः बांधलं, लाकूडसुद्धा स्वतः तोडून आणलं. क्लार जाऊन सहा वर्षं झाली. रोज आधी वारा लिहायचा, मग मासे किती, ही त्याची सवय. मासे आता नाहीत, म्हणून माझ्या वहीत बाकीचंच फार असतं.

१० सप्टेंबर, मंगळवार. वारा तोच.

वाजला. उचलला. "आई?" – "हो." – "चार्ज केलास?" – "केला." संपलं! इतकं सोपं! उगाच धास्तावले होते.

१४ सप्टेंबर, शनिवार. वारा उत्तरेचा, गार.

पाच दिवस पाच वेळा उचलला. आज डोनाने संध्याकाळीही केला, "बघत होते लागतो का" म्हणून. लागतो की!

पण एक गोष्ट. मी पणजी झालेय, लिहिलं होतं ना इथं? डोनाची काइला, तिकडे दूर अल्बर्टात, तिला ऑगस्टात मुलगी झाली. हेझल. काइला रोज तिचा फोटो पाठवते, पण माझ्या साबणाच्या वडीवर फोटो येत नाहीत. ते येतात हेडलीच्या फोनवर. म्हणजे पणतीचं तोंड बघायला पणजीने बूट घालायचे, शेजारी जायचं, हेडलीने चष्मा शोधायचा, मग चष्मा डोक्यावरच निघायचा – तोवर पोरगी चालायला लागेल!

डोनाला म्हटलं, काइलाचं चित्र घाल ना. म्हणाली, "चारच बसतात आई. कोणाला काढू?"

हेडली चहाला आलेला, तो मागून ओरडला, "मला काढ! मी भिंतीपलीकडे आहे, वहिनीला नुसती हाक मारायची!"

"हाक मारून काय करू, हेडल्या? तुला ऐकू कुठे येतं!"

"काय?" हेडली म्हणाला.

मी म्हटलं नर्सला काढ. डोना म्हणाली, "नर्सला कशी काढायची? ती गरजेची आहे." आणि मग, "सोपं हवं असेल तर थोडं सोडावं लागतं, आई." तिचा आवाज दमलेला वाटला. शनिवारीसुद्धा बँकेचं काम घरी आणते. घरात तरी दुसरं कोण आहे म्हणा – गॅरी तिला सोडून गेला त्याला बारा वर्षं झाली, आणि काइला हे असं देशाच्या दुसऱ्या टोकाला.

१७ सप्टेंबर, मंगळवार. वारा पश्चिमेचा, सकाळी धुकं.

हेडलीने दुसरा फोन आणला! त्याचा जुना, काळा. तीस वर्षं किनाऱ्यावरच्या रेडिओ स्टेशनात होता तो, तारांशिवाय त्याला करमत नाही. "वहिनी, डोनाने दिलेली ती चूल नाही, चुलीचं चित्र आहे. याच्यात तू हवं ते करू शकतेस. हवं ते!"

मी म्हटलं, मला हेझल बघायचीय.

"बघशील की. पण आधी पार्श्वभूमी कुठली हवी? अक्षरं केवढी? रात्री काळा करायचा का? कंपायला हवा का? किती?"

तीन तास! मध्ये मी बटाटे सोलले, उकडले, आम्ही जेवलो, भांडी धुतली, तो बोलतोच आहे. पडद्यावर इतकी चित्रं होती की गळांच्या दोऱ्यांचा गुंता बरा. मी एकावर बोट टेकवलं, तर फोन पोर्तुगीज बोलायला लागला. पोर्तुगीज! लहानपणी त्यांची गलबतं यायची तेव्हा शिकलेले दोनच शब्द मला येतात आणि दोन्ही इथं लिहिण्यासारखे नाहीत.

खुद्द हेडलीचं काय, तर त्याने आपल्या फोनला इतक्या खुट्या-कळा बसवल्यात की वाजल्यावर उचलायला दोन मिनिटं लागतात. तोवर समोरचा कंटाळून ठेवून देतो. त्याचं आयुष्यभर हेच. होडी बांधायला फार आवडायचं, मासेमारीला जायला नाही.

"ने तुझा परत," म्हटलं. "नाकापेक्षा मोती जड." तोंड एवढंसं करून गेला. जाताना अर्धा पाव मात्र नेला.

१८ सप्टेंबर.

उचलला. चार्ज केला.

२५ सप्टेंबर, बुधवार. वारा – विचारू नका!

आज जे झालं ते लिहिताना अजून कान तापलेत.

बुधवार म्हणजे रेडिओवरचं बिंगो – गावच्या हॉलातून आकडे पुकारतात, आपण घरी बसून पत्त्यावर खुणा करायच्या. आमचं सगळं कॅप्लिन आर्म गाव, पलीकडची दोन गावं, सगळ्यांचे पडदे ओढलेले, रेडिओ मोठ्याने. पत्ते मी सोमवारीच दुकानातून आणले होते. या वेळचं बक्षीस मूस हरणाचं मांस, जनावराचा चौथा हिस्सा! हिवाळाभर पुरलं असतं. डोनाला रस्सा करून पाठवला असता, तिला गाजर घालून आवडतो.

तिसरा डाव. माझ्या पत्त्यावर एकच घर उरलेलं. आणि रेडिओवरून आकडे पुकारणाऱ्या बर्नचा आवाज, "ओ – एकाहत्तर." भरला! सगळा पत्ता भरला! मी उभी राहिले, खुर्ची मागे पडली. आता नियम असा की पुढचा आकडा पुकारायच्या आत हॉलला फोन करायचा, नाहीतर गेलं. हॉलचा नंबर मला तीस वर्षं पाठ. पण हाताला तोंडापेक्षा जास्त पाठ, भिंतीवरच्या फोनवर डोळे मिटून फिरवायचे मी.

आणि पांढऱ्या फोनवर आकडेच नाहीत.

दोन आठवड्यांवर तो माझ्याजवळ आहे आणि हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! फोन म्हणजे फोन, नंबर फिरवता येणारच, असं मी धरूनच चालले होते. आता सात आकडे जिभेवर घेऊन स्वयंपाकघरात उभी, आणि समोर चार चित्रं माझ्याकडे बघून हसतायत.

हेडलीला लावला. हेडली बिंगो ऐकत होता, रेडिओ फुल, उचलतो कशाला. डोनाला लावला.

"आई! काय झालं? पडलीस?"

"बिंगो!"

"काय?"

"बिंगो! हॉलला फोन कर! पटकन!"

"आई, नीट श्वास घे. खाली बस. कुठं दुखतंय?"

मागे बर्न म्हणाला, "बी – चार." आणि लगेच रेडिओवर हॉलच्या फोनची घंटी. पलीकडच्या गावातली ट्रिफी स्नूक. तिच्याकडे आधीच एक मूस पडलाय फ्रीजरमध्ये, तिच्या जावयाने मारलेला!

गडबडीत मी नर्सच्या चित्रावरही बोट ठेवलं असणार. कारण अर्ध्या तासाने ती बिचारी मेलिसा बॅग घेऊन दारात हजर. नाडी तपासली, म्हणाली फार धावतेय. मी म्हटलं, तुझीही धावली असती. मग चहा घेतला, जॅम लावून दोन पाव खाल्ले तिने, चांगली पोरगी आहे.

डोना पुन्हा फोनवर. माझा जीव घाबरवलास म्हणाली. आणि मग, "आई, बिंगो काही गरजेचं नाही."

मी फोन ठेवला. पण इथं लिहिते. काय गरजेचं आहे ते ठरवलं कोणी? तू चांगल्या मनाने ठरवलंस, पोरी, पण तुझ्या घरात बसून ठरवलंस.

२६ सप्टेंबर, गुरुवार. वारा पश्चिमेचा.

सकाळी आठला उचलला, आणि साडेआठला हेडलीच्या दारात.

"हेडल्या, काळा फोन काढ. पण आज तू बोलायचं नाहीस. मी सांगणार, तू करायचं."

"पण वहिनी, त्याच्यात काय काय होतं हे आधी –"

"त्याच्यात काय होतं ते नको. मला काय हवं ते."

गोणपाटाचा एक तुकडा आणि कोळसा मी घेऊनच गेले होते. गोधडीसारखी जाड आसनं करतो ना आम्ही, चिंध्यांची, गोणपाटावर हुकाने ओढून – तशी नक्षी काढली. बाजारात छापील नक्षीची गोणपाटंही मिळतात, आपण नुसतं भरत जायचं. माझ्या आईने तसलं कधी घरात आणलं नाही. म्हणायची, दुसऱ्याने आखलेल्यावर माझा पाय बसत नाही.

मधोमध हेझल, मोठी. डाव्या कोपऱ्यात डोना, कारण माझा डावा अंगठा आधी पोचतो. तिचं शहाणं चित्र नको, चौथ्या वाढदिवसाचं, नाकाला केक लागलेलं. हेडलीची नुसती टोपी पुरे. हॉल म्हणजे बिंगोच्या पत्त्यावर खूण उमटवायचा शाईचा ठोकळा. हवामान म्हणजे क्लारच्या भिंतीवरच्या वायुभारमापकाचा फोटो. नर्स, लाल फुली – असू देत, डोनाचा शब्द म्हणून. खाली आकडे, नाण्याएवढे नकोत, बशीएवढे! अक्षर एकही नाही. आणि कोणी काही लिहून पाठवलं तर फोनने वाचून दाखवायचं. इंग्रजीत, हेडल्या.

हेडली गोणपाटाकडे बघत राहिला. "हे सोपं आहे," म्हणाला. निराश झाल्यासारखा!

३ ऑक्टोबर, गुरुवार. वारा आग्नेयेचा, पावसाळी.

आठवडा लागला त्याला, पण काल बिंगोच्या आधी झाला. हेझलवर बोट ठेवलं की काइला येते, बोलते, दिसते! आज पोरगी आंघोळीला निघाली होती, उघडी-नागडी, आणि तिने माझ्याकडे बघून जांभई दिली. काय ती जांभई! सगळं तोंड त्यातच गेलं. "आजी, तू रडतेस का हसतेस?" काइला म्हणाली. मला काय माहीत.

कालच्या बुधवारी काहीच लागलं नाही, पण हॉलचं बटण हाताखाली आहे हे ठाऊक असलं की पत्ता भरायचा निवांतपणा वेगळाच.

एक गंमत. घंटी कुठली हवी म्हणून हेडलीने दीडशे आवाज ऐकवले, मला अंगणात एकही ऐकू येईना. मग त्याने कोठारातलं क्लारच्या होडीचं जुनं इंजिन चालू केलं आणि त्याचा आवाजच फोनमध्ये भरला. टक-पक, टक-पक, टक-पक. तो मला झोपेतसुद्धा कळतो. चाळीस वर्षं त्याच आवाजावर किटली ठेवली मी.

डोनाला यातलं काही सांगितलेलं नाही. एका खिशात पांढरा, एका खिशात काळा. सांगेन. तिची आजकाल संध्याकाळीही फेरी असते फोनवर. चार्ज विचारून झाला तरी ठेवत नाही. काल म्हणाली, "तिकडे वारा कसा आहे?" आग्नेयेचा, म्हटलं. "हं," म्हणाली.

६ ऑक्टोबर, रविवार. वारा पश्चिमेचा.

देवळात वाजला! प्रवचन ऐन रंगात, आणि माझ्या खिशातून टक-पक टक-पक. सगळ्या माना खिडकीकडे, पाण्याकडे. म्हातारा चेस तर उठून उभा राहिला. "क्लार आला," म्हणाला.

फादरही थांबले. मग कुणीतरी हसलं, आणि मग सगळेच. काइला होती, हेझलला पहिलं हसू आलं म्हणून सांगायला. मी ते उभी राहून सगळ्यांना सांगितलं. टाळ्या झाल्या देवळात!

८ ऑक्टोबर, मंगळवार. वारा उत्तरेचा, जोराचा.

चुकला. पांढरा चुकला.

चार्ज करायची तार एकच, ती रात्रभर काळ्याला लावलेली, पांढरा टेबलावर मेलेला. आठ वाजता मी बाहेर कपडे वाळत घालत होते. डोनाने हेडलीला केला, हेडलीने दोन मिनिटांनी उचलला, आणि "वहिनी कपडे वाळत घालतेय" सांगितलं. पण अट ती अट.

"मी शनिवारी येते आई," डोना म्हणाली. रागावून नाही. रागावली असती तर बरं. "थोडंफार सामान बांधून ठेव."

सहा दिवस उरले होते.

९ ऑक्टोबर.

बिंगोला बसले नाही. घरात हिंडले.

१२ ऑक्टोबर, शनिवार. वारा पश्चिमेचा, ऊन.

सामान बांधलं नाही. बटाटे, गाजर, खारवलेलं गोमांस शिजत ठेवलं आणि दोन्ही फोन टेबलावर मांडले. डोना आली, कोट न काढताच बघत राहिली.

"हा कोणाचा?"

"माझा."

तिने हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. "आई, याच्यावर काहीच लिहिलेलं नाही. हा ठोकळा काय? ही टोपी कोणाची? फोन लावायचा कुठून? हे – हे कोणालाच वापरता येणार नाही!"

"मला येतो."

"आणि मी तुला सोप्यातला सोपा शोधून दिला होता. महिनाभर शोधत होते मी."

"सोपा होता, गं. पण तुला सोपा होता. त्याच्यावरचं सगळं तुला कळत होतं कारण तूच ठेवलं होतंस. मी फक्त उचलत होते." आणि मग बिंगोचं सगळं सांगितलं, ट्रिफी स्नूकच्या फ्रीजरसकट. आणि मंगळवारचंही, तार एकच आहे ते.

ती नाकाला केक लागलेल्या चित्राकडे बघत होती.

मग मी काळ्याचा नंबर दिला आणि म्हटलं, जा, रस्त्यावर जा आणि लाव. ती गेली. मी मुद्दाम लांब, कोंबड्यांच्या खुराड्यामागे जाऊन उभी राहिले, हात अंड्यांनी भरलेले. टक-पक, टक-पक, पार रस्त्यापर्यंत! अंडी झग्यात, डावा अंगठा, आणि "बोल, डोना."

मी डोकावले तर ती रस्त्यातच खाली बसली होती, फोन कानाला, त्या वाऱ्यात. "आई, हे बाबांचं इंजिन आहे," म्हणाली.

"मग काय! मला ऐकू यायला नको?"

हेडली कुंपणावरून ओरडला, "कंपवायचंही राहिलंय, वहिनी! आवडत असेल तर कंपवतो!"

डोना हसायला लागली, रडता रडता, लहानपणीच्या डोनासारखी. जेवताना म्हणाली, "राहा तू इथंच." एवढंच. मग दोनदा वाढून घेतलं.

१४ ऑक्टोबर, सोमवार. वारा पडलेला. थँक्सगिव्हिंग.

टर्की बरी झाली. हेडलीने प्रार्थनेत विजेच्या तारांचेही आभार मानले. काइला आणि हेझल टेबलावर बरणीला टेकवून ठेवलेल्या, सगळं जेवण होईपर्यंत. डोना आज निघणार होती, उद्या जाते म्हणाली.

१६ ऑक्टोबर, बुधवार. वारा ईशान्येचा.

आज गेली. पांढरा फोन परत नेला. गाडी सुरू करून पुन्हा बंद केली, खाली उतरली, काहीतरी विसरलं म्हणाली, आत फिरून रिकाम्या हातांनीच आली.

बिंगोत आज बी आणि आयच्या रकान्यांपलीकडे गाडं सरकलं नाही.

२३ ऑक्टोबर, बुधवार. वारा अजिबात नाही, पाणी आरशासारखं.

आठला डोना. आधी वारा विचारला. मग म्हणाली, "आई, नोकरी सोडली मी. तिकडे येऊ का? पाहुणी म्हणून नाही, राहायला. रोज हेच विचारायला फोन करत होते, आणि तोंडातून निघायचं, चार्ज केलास का."

मी म्हटलं, ये. तेव्हापासून तिच्यासाठी वरच्या खोलीच्या खिडक्या पुसतेय.